उजव्या सोंडेची काच

“काच डोल्यांनी नाय बगायची, बाय. आंगठ्यानं बगायची.”

असं म्हणायचे आणि उजव्या हाताचा अंगठा काचेच्या कोपऱ्यावर टेकवायचे. टेकवायचे कसा, तर ताप आहे का ते पाहायला आपण मुलाच्या कपाळाला हात लावतो ना, तसा. तिथे लाखेचा एक ठिपका असे, मसुरीच्या डाळीएवढा. तो अंगठ्याला लागला की मान एकदा हलायची आणि काच कंदिलात जायची. डोळे तोवर मिटलेलेच. आमच्या जादूच्या कंदिलाचे बत्तीवाले ते.

हल्ली नातवंडं मला हट्टाने सिनेमाला नेतात. खुर्चीत बसवतात, हातात शेंगांची पुडी देतात. मी मात्र मान मागे वळवून भिंतीतल्या त्या भोकाकडे बघत बसते, जिथून उजेड येतो. नात कोपराने ढोसते, “अगं आजी, चित्र पुढे आहे!” पुढे आहे हे मलाही कळतं, गाढवे. पुढचं बघायला ही सगळी माणसं आली आहेत. त्या भोकामागे कोण उभा आहे, त्याने सकाळपासून काही खाल्लंय की नाही, हे बघायला कोणी आलेलं नाही. म्हणून मी बघते.

तुमच्यात जे माझ्या वयाचे असतील त्यांनी कंदिलाचे खेळ पाहिले असतील. सिनेमा यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. पत्र्याचा मोठा कंदील, आत तीन वातींचा घासलेटचा दिवा, पुढे भिंग. मधल्या खाचेत रंगवलेली काच सरकवली की समोरच्या ओल्या पडद्यावर माणसाएवढं चित्र उमटायचं. काचा एकामागून एक सरकवत पुरं रामायण दाखवायचं. कल्याणात पारनाक्याजवळ आमच्या घरी असा कंदील होता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पडद्यापुढे उभे राहून गोष्ट सांगत, पदं म्हणत. जाहिरातीच्या कागदावर त्यांचं नाव ठळक अक्षरांत. भिंग विलायतेचं, म्हणून त्या भिंगाचाही उल्लेख. पत्र्याचा कंदील ज्यांनी आपल्या हाताने ठोकून बनवला, ज्यांच्या फुंकरीवर सारी लंका पेटायची आणि विझायची, त्या बत्तीवाल्यांचं नाव कुठेही नाही. भिंगाला मान होता, माणसाला नव्हता.

नाव मीही लिहिणार नाही. पण माझं कारण वेगळं आहे.

ते कोपरकडचे, खाडीकाठच्या आगरी वस्तीतले. आधी मिठागरावर होते, मग पत्र्याची कामं शिकले. पन्नाशीला टेकलेले. मी सोळा वर्षांची सून, आणि मी त्यांना ‘अरे’ म्हणायची. “अरे, वात वर कर.” “अरे, तो पडदा ओला कर.” घरातले सगळेच म्हणत. आज इथे ‘ते’ लिहिते आहे, पण त्यात माझा मोठेपणा नाही. म्हातारपणी कागदावर ‘ते’ लिहायला काही लागत नाही. तेव्हा तोंडाने म्हटलं असतं तर काही तरी होतं.

ते मला ‘बाय’ म्हणत. सासूबाईंना ते खटके.

“अरे, वहिनी म्हण तिला. बाय काय बाय?”

“माज्या पोरीला मी बाय म्हनतो,” ते म्हणाले. “त्याच्याहून मोटा नाव माज्याकडं नाय.”

मी नाक मुरडलं. मराठी चौथी पास झालेली मी, गोऱ्या मडमेच्या हातून बक्षिसाचं पुस्तक मिळवलेली, आणि आगऱ्याच्या पोरीच्या पंक्तीला बसवली! असं माझं डोकं होतं तेव्हा. आत रिकामं आणि वर अंबाडा.

मी कंदिलापाशी कशी पोचले तेही सांगते. आमचे हे मुंबईला डॉक्टरी शिकत होते. घरातली सून रिकामी, आणि तिचा हात थरथरत नाही, हे मामंजींच्या लक्षात आलं. आधी काचा पुसायला दिल्या, मग कडांना कागदाची पट्टी चिकटवायला, मग त्या पट्टीवर आकडे लिहायला, आणि शेवटी खेळाच्या वेळी पेटीतली एकेक काच हातात द्यायला. आमचा कंदील पडद्याच्या मागे असायचा, प्रेक्षक पुढे. त्यामुळे मागे कोण आहे ते गावाला दिसत नसे. सासूबाईंनी दोन अटी घातल्या. महिन्याचे चार दिवस काचांना शिवायचं नाही, आणि सून देवांच्या काचा हाताळते हे घराबाहेर जाता कामा नये. गेलं तर दुसऱ्या दिवसापासून चूल.

चुलीला मी भीत होते असं नाही. पण त्या अंधारात, घासलेटच्या वासात, माझ्या हातातली वीतभर काच पलीकडे प्रचंड होऊन उभी राहायची आणि दोनशे माणसं एकदम ‘हाऽ’ करायची, ती मजा मला कुठल्या आमटीत मिळाली असती? मी त्या ‘हाऽ’साठी जगत होते. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

बत्तीवाल्यांचे नियम तीन. “बत्तीजवल दारू नाय. बत्तीजवल घाई नाय. बत्तीजवल राग नाय.” दारू नाही कारण भडका. घाई नाही कारण तडा. आणि राग नाही कारण रागावलेल्या माणसाचा श्वास मोठा होतो, ज्योत हलते, पलीकडे राम थरथरायला लागतो. “रामाला थंडी वाजली का काय, असा लोक म्हनतील,” ते म्हणत. दारू तर त्यांनी बत्ती नसतानाही घेतली नाही. त्यांच्या लेकीच्या हळदीला सारा गाव झिंगलेला आणि हे एकटे कंदिलाला कल्हई केल्यासारखे लख्ख, असं त्यांच्याच गावचा एक जण हसून सांगत होता.

त्यांना अक्षर येत नव्हतं. मला त्याची फार मजा वाटे. एका दुपारी मी मुद्दाम साऱ्या काचा कालवून ठेवल्या आणि म्हटलं, “अरे, लाव बघू ओळीने. आकडे लिहिलेत मी.”

आकड्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मांडीवर पंचा पसरला आणि एकेक काच उचलून तळव्यावर तोलायला लागले.

“ह्यो रावन. दा तोंडांचा रंग हाय, जड लागतो. ही शिता. हलकी हाय बिचारी, वनवासात खायाला काय मिलतंय?”

मधे मी एक कोरी काच घुसडली होती. ती त्यांनी उचलली, उजेडाकडे धरली, परत तोलली आणि माझ्यापुढे ठेवली.

“ह्यो तुजा डोका, बाय. काय नाय याच्यात.”

मोरीपाशी भांडी घासणारी बाई खदखदून हसली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी ओळखलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी गणपतीची नवी काच रंगून आली तेव्हा त्यांनी लाखेची कांडी माझ्याच हातात दिली.

“आज ठिपका तू लाव.”

लाख वितळवून काचेच्या कोपऱ्यावर टाकायची आणि गरम असतानाच अंगठ्याने दाबायची, म्हणजे ती धरते. मी दाबली. चटका असा बसला की डोळ्यांत पाणी आलं. बघते तर ठिपक्यात माझ्या अंगठ्याच्या रेषा उमटलेल्या.

“आता ही काच तुजी,” ते म्हणाले. “सगल्यात पयली.”

खेळाची सुरुवात गणपतीने व्हायची. म्हणजे खरोखरच सगळ्यात पहिली. मला वाटलं, माझी समजूत काढताहेत. आज कळतं, तो मान होता. त्यांच्याकडे द्यायला असलेला एवढाच मान त्यांनी मला दिला.

आता ठाण्याची गोष्ट.

टेंभी नाक्याजवळ एक वकील राहत. त्यांच्या नातवाची मुंज, आणि त्या संध्याकाळी खेळ ठेवायचा असं बोलावणं आलं. ठाण्याचे बडे लोक, तिथे नाव झालं तर पुढे कुठल्याकुठे. मामंजी आठ दिवस आधीपासून आरशापुढे पगडी बांधत होते. पण वकिलांच्या दिवाणखान्यात पडद्यामागे कंदील ठेवायला जागा नव्हती. चुन्याची पांढरी भिंत होती. कंदील पुढे ठेवून उजेड भिंतीवर टाकायचा ठरलं. आणि आदल्या दिवशी कंदिलाची नवी चिमणी तापवून पाहताना बत्तीवाल्यांचा अंगठा भाजला. साधा नाही, कातडं सोलवटलं. त्यावर खोबरेल आणि चिंधी.

ते माजघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. “आयक, बाय. उद्या कंदील पुडं हाय, मागं नाय. मागून दावताना काच जशी ठेवतो, तिच्या उलटी ठेवाची. नायतर डाव्याचा उजवा व्हतो. पेटीतच उलट्या भर. ठिपका बत्तीकडं. मी काडीन नि लावीन, बगनार नाय. माजा आंगठा बंद हाय. उद्या तुजा आंगठा.”

किती सोपं होतं बघा. लहान पोराने केलं असतं. पण मी चौथी पास ना! आमच्या शाळेच्या पुस्तकात भिंगाचा धडा होता. भिंगातून आलेलं चित्र उलटं पडतं, असं त्यात स्वच्छ छापलेलं. मी विचार केला, भिंग आधीच उलटं करतं आहे. त्यात आपण आणखी उलटं केलं तर भलतंच होईल. या माणसाला अक्षर येत नाही, याला भिंगाचं शास्त्र काय कळणार? मागून काय, पुढून काय, भिंग तेच. आणि त्या ‘ह्यो तुजा डोका’चा सल अजून होताच.

मी काचा नेहमीसारख्याच भरल्या. आणि हे त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, खेळ उत्तम झाला की सांगेन, मग बघू कोणाचं डोकं कोरं आहे ते.

पुस्तकातला धडा खरा होता, हे आधीच सांगते. भिंग चित्र उलटं करतंच, म्हणून काच खाली डोकं वर पाय अशी ठेवतात. पण पुढून आणि मागून बघण्यातला फरक त्या धड्यात नव्हता. तो त्यांच्या अंगठ्यात होता.

आगगाडीने आम्ही ठाण्याला गेलो. मी घरातली सून म्हणून पाहुण्या बायकांत, बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे बसले. दिवे लागले आणि लगेच विझवले. मामंजींनी नमनाला तोंड फोडलं. भिंतीवर उजेडाचा गोल पडला, काच सरकल्याचा आवाज झाला आणि गणपती उभा राहिला. लाल, सोनेरी, मोदकाच्या कळ्यासुद्धा मोजून घ्याव्यात असा स्वच्छ. दिवाणखाना ‘हाऽ’ म्हणाला. मी चिकामागे फुलून आले. माझी काच!

आणि कोणीतरी म्हातारा खाकरला.

“सोंड बघा हो. सोंड!”

“उजवी! उजव्या सोंडेचा!”

आपल्याकडे डाव्या सोंडेचा गणपती घरचा, सोसून घेणारा. उजव्या सोंडेचा कडक. त्याचं सोवळं वेगळं, पूजा वेगळी, चुकलं तर घरावर कोप होतो अशी धास्ती. मुंजीच्या घरात, घासलेटच्या धुरात, जोडे घातलेल्या पाहुण्यांपुढे तो असा अवचित प्रकट झाला. वकिलांच्या आईने किंकाळी फोडली आणि पणतवाला पदराखाली ओढलं. बत्तीवाल्यांनी झटक्यात काच बाहेर काढली, तर नुसता पांढरा गोल भिंतीवर आला आणि लोकांना वाटलं देव निघून गेला. मग तर रडारडच सुरू झाली.

दिवे आले. वकील कंदिलापाशी जाऊन उभे राहिले.

“कोणी लावली काच?”

बत्तीवाल्यांनी आधी पेटीकडे पाहिलं. डाव्या हाताचं बोट पेटीतल्या काचांच्या कोपऱ्यांवरून फिरवलं. एक, दोन, तीन. त्यांना सारं कळलं. मग त्यांनी मान वर करून बायकांच्या चिकाकडे पाहिलं. चिकाची सोय अशी असते, की आतलीला बाहेरचा दिसतो आणि बाहेरच्याला आतली दिसत नाही. मी त्यांना पाहिलं. त्यांना नुसत्या बांबूच्या काड्या दिसल्या असतील.

“मी लावली. हात चुकला.”

“इतक्या वर्षांत चुकला नाही तुझा हात!” मामंजी ओरडले.

“प्यालाय,” वकील म्हणाले. “खाडीकाठची ही माणसं. तोंडाचा वास घ्या म्हणजे कळेल.”

वास घ्यायला कोण जवळ जाणार? शिवाशिव झाली असती. तेव्हा वास न घेताच ठरलं. भरल्या दिवाणखान्यात एकानेही पाऊल पुढे टाकलं नाही. त्या एका पावलाने तो माणूस सुटला असता.

“प्यालास ना रे? बोल!” वकील गरजले.

चिंधी बांधलेला अंगठा बत्तीवाल्यांनी मुठीत घेतला.

“हां. प्यालेलो.”

मामंजी त्या दिवशी सकाळपासून त्यांच्यासोबत होते. आगगाडीत समोरासमोर बसले होते. हे खोटं आहे, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पण मामंजींनी पगडी उतरवून हातात घेतली आणि वकिलांना म्हणाले, “अडाणी माणूस आहे हो. त्याला देवाचं काय?”

देवाचं काय! गणपतीच्या काचेला हात लावण्याआधी जो माणूस तीनदा हात धुवायचा, थंडीच्या दिवसांत विहिरीच्या पाण्याने, त्याला देवाचं काय. मी कागदावर इतकं दाबून लिहिते आहे की टाक मोडेल. मोडू दे.

आणि मी काय केलं, विचारा ना. शेजारच्या बाईंनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, “तुमच्याकडचाच ना हो हा?”

“हो,” मी म्हटलं. “गडी आहे.”

साऱ्या संध्याकाळभरात मी एवढंच बोलले. शुद्ध भाषेतली दोनच वाक्यं, आणि दोन्ही खरी. खोटं एकट्या त्यांनाच बोलावं लागलं.

वकिलांनी घरी भटजी बोलावून शांत केली, मामंजींना परत पाठवलं. निघताना मामंजींनी ती काच बत्तीवाल्यांच्या अंगावर टाकली. “आजच्या आज खाडीत सोड ही.” त्यांनी ती झेलली, फेट्यात गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर निकाल लागला. “उद्यापासून येऊ नकोस.” बत्तीवाल्यांनी वाद घातला नाही. कंदील पुसला, वाती कातरल्या, घासलेटचा डबा बूच लावून जागेवर ठेवला. मग घराला वळसा घालून मागल्या दारी आले. मी तिथे उभीच होते. रात्रभर धाडस गोळा केलं होतं, तेवढं घेऊन उभी होते.

“मी सांगते मामंजींना,” मी म्हटलं. “आत्ता जाऊन सांगते.”

“काय सांगशील?”

“मी भरल्या म्हणून. सगळ्या.”

“मग तुजा हात काचंवरून काडतील. चुलीत घालतील तुना.” ते हसले नाहीत. “दोगंव भायेर कशाला? एक तरी आत राव दे. आनि माजा नाव कवा काडू नको. नाव काडलास का लोक इचारतील, काय झाला. मग तुना सांगावा लागंल.”

त्यांनी लाखेची कांडी माझ्या हातात ठेवली आणि निघून गेले.

आता खरं सांगते. मला रडू आलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी मला न सांगण्याची मुभा दिली आणि मी ती दोन्ही हातांनी घेतली. मी म्हणू शकले असते, चूल तर चूल. कितीतरी बायका चुलीपाशी जगतात, मेल्या का? पण मला ती ‘हाऽ’ हवी होती. एका माणसाच्या अब्रूपेक्षा मला भिंतीवरचं चित्र मोठं वाटलं, कारण ते भिंगातून येत होतं.

त्यानंतर आमच्या घरात काय सुधारणा झाली ऐका. मामंजींनी नवा गणपती रंगवून घेतला. सोंड अगदी मधोमध, नाकासमोर सरळ खाली. म्हणजे काच कशीही घाला, भीती नाही! सुनेला सरळ करायचं कोणाला सुचलं नाही, देवाला सरळ केलं. नवा बत्तीवाला मुंबईहून आणला. त्याला अक्षर येत होतं. माझे आकडे वाचून तो बिनचूक काच लावायचा आणि महिन्याभरात त्याने निम्म्या काचांना तडे पाडले. रावण तर दोन तुकड्यांत गेला, पाच पाच तोंडांचा.

पुढे सिनेमा आला आणि कंदील माळ्यावर गेला. मामंजी वारले. त्यांचे दिवस झाल्यावर मी आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शिकलेले, डॉक्टर, देवभोळे मुळीच नव्हेत.

“अगं, किती वर्षांपूर्वीचं ते,” ते म्हणाले. “आणि तो तर काही बोलला नाही ना? भला माणूस होता. क्षमा केली त्याने तुला. तू कशाला जिवाला लावून घेतेस?”

मीही तसंच मानत आले होते. बत्तीजवळ राग नाही. त्या माणसाला राग येतच नाही. असा भला माणूस आपल्या वाट्याला आला, केवढं आपलं भाग्य! दुसऱ्याच्या भलेपणावर गादी टाकून झोपायला फार बरं वाटतं.

तरी मी कोपरला गेले. डोंबिवलीपर्यंत गाडी, पुढे बांधावरून पायी. घर सापडायला वेळ लागला नाही, पण ते ज्या रीतीने सापडलं ते सांगायलाच हवं. मी एका म्हाताऱ्याला विचारलं, कंदिलाचं काम करायचे ते कुठे राहतात? तो म्हणाला, “तो दारुड्या? तो मेला, दोन वर्सां झाली. त्याची पोर ऱ्हाते, ती बग.”

दारुड्या. ज्याने थेंब घेतला नाही त्याचं गावातलं नाव. ठाण्याहून ते बोलणं त्यांच्याआधी घरी पोचलं होतं. कोणत्याही खेळवाल्याने त्यांना परत बत्तीला हात लावू दिला नव्हता. मिठागरावर परत गेले, भाजलेल्या अंगठ्याने मीठ ओढत राहिले.

लेक माझ्याच वयाची होती. कुडाच्या घराच्या दाराशी सुकट निवडत होती. मी कल्याणची, कंदिलवाल्यांच्या घरची, असं सांगितल्यावर तिने हात थांबवला.

“दारू पिऊन देव उलटा केलान, ता तुमच्याच घरचा खेल का?”

“ते प्याले नव्हते,” मी म्हटलं. “काच मी उलटी भरली होती. मी. त्यांनी माझं नाव घेतलं नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल, ओरडेल. मला हवंच होतं ते. मी त्यासाठीच इतकी चालत आले होते.

“आता सांगतेस?” ती म्हणाली. एवढंच. आणि सुपातली सुकट पाखडायला लागली. मान वर न करता म्हणाली, “माजी आय जिती व्हती तवा सांगतीस त बरा झाला असता. ती त्याच्याशी बोलत नवती. खोटा सांगतो म्हनायची. पितोस तर कबूल कर म्हनायची.”

मी दाराशीच टेकले. तिन्हीसांजेला तिने उठून दिवा लावला आणि आत कोनाड्यात नेऊन ठेवला. मी दारातूनच पाहिलं. दिव्याच्या पुढे एक काच उभी होती. लाल, सोनेरी. खाडीत सोडायची काच त्यांनी घरी आणली होती.

मी आत गेले. ती काही म्हणाली नाही. जवळून बघते तर सोंड उजवी. मला वाटलं, हिला कळलं नसेल, पोरीने चुकून उलटी ठेवली. मी काचेच्या मागे अंगठा नेला. कोपऱ्यात ठिपका होता, मसुरीएवढा, त्यात रेषा. तो आपल्याकडे हवा होता आणि होता मागे, भिंतीकडे. नुसती फिरवली की झालं. मी काच उचलायला हात घातला.

“हात नको लावू,” ती म्हणाली. “बानंच अशी ठेवली. एकदा मी सरल केली त केवढा वरडला माज्यावर. कंदी वरडायचा नाय तो. म्हनला, अशीच ऱ्हाव दे. बगू दे कोनाचा काय वाकडा व्हतो ता.”

मी हात मागे घेतला.

कुडाच्या घरात, सुकटीच्या वासात, घासलेटच्या धुरात, उजव्या सोंडेचा तो गणपती इतकी वर्षं तिथे बसला होता. त्याचं सोवळं कोणी पाळलं नव्हतं आणि त्याने कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. रोज दिवेलागणीला बत्तीवाले त्याच्यामागे ज्योत लावत होते, आणि ती ज्योत हलत नव्हती.

राग होता तर. बत्तीच्या अगदी जवळ होता.